परदेशात राहिलेल्यांचं रक्तदान : कुठे अडतं, किती काळ अडतं आणि पुढे काय करायचं

रक्त द्यायला गेलेल्या माणसाला "तुम्ही परदेशात राहिला आहात, तुमचं रक्त चालणार नाही" असं सांगून परत पाठवलं, की तो सहसा पुन्हा त्या वाटेला जात नाही. आपल्या रक्तातच काहीतरी खोट आहे असं मनाशी धरून बसतो आणि ओळखीच्या चार जणांनाही तेच सांगतो. खरं तर असा नकार बहुतेक वेळा ठरावीक मुदतीचा असतो. ती मुदत कधी संपते, एवढंच त्याला कोणी नीट समजावलेलं नसतं. शिवाय २०१९ ते २०२४ या काळात अनेक देशांनी ब्रिटनमध्ये राहिलेल्या लोकांवरची जुनी, कायमची बंदी उठवली आहे. हे ज्यांच्यापर्यंत पोचलेलं नाही, ते आजही स्वतःला अपात्रच समजतात.

अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलियात राहणारे आणि तिथून परत आलेले मराठी लोक डोळ्यांसमोर ठेवून हे लिहितो आहे. आपल्या लोकांचं रक्त तिथे फार हवं असतं. भारतात साधारण दर तीन माणसांमागे एकाचा गट बी असतो, तर ब्रिटन-अमेरिकेत बी पॉझिटिव्ह शंभरात आठ-नऊच सापडतात. तिथल्या भारतीय वंशाच्या थॅलेसेमियाग्रस्त मुलांना दर काही आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. त्यांना नुसता गट जुळून भागत नाही. रक्तातले इतर बारीक घटकही जुळले तर चांगलं, आणि ते जुळण्याची शक्यता आपल्याच भागातून आलेल्या दात्यांशी जास्त असते.

पहिली पायरी : तारखा कागदावर उतरवा

रक्तकेंद्रातली प्रश्नावली तुम्ही कुठे होतात आणि किती काळ होतात, यावर बेतलेली असते. "दोनेक वर्षांपूर्वी इंडियाला गेलो होतो बहुतेक" हे उत्तर तिथे चालत नाही. म्हणून घरीच बसून एक यादी करा. जन्मापासून कोणत्या देशात किती वर्षं राहिलात. गेल्या तीन वर्षांत कोणत्या देशात कधी पोचलात आणि कधी निघालात. कुठे रक्त चढवलं गेलं होतं का. मलेरिया, डेंगी, कावीळ झाली असेल तर कधी आणि कुठे. अलीकडे कोणती लस घेतली. आता बऱ्याच विमानतळांवर पासपोर्टवर शिक्का मारत नाहीत, तेव्हा तारखा शोधायला तिकिटांचे जुने ईमेल कामी येतात.

यादीत परतीची तारीख सगळ्यात महत्त्वाची. बहुतेक मुदती त्या दिवसापासून मोजतात.

मुंबई विमानतळावर नुसतं विमान बदललं असेल तर तेही लिहून ठेवा. अमेरिकेच्या नियमांत मलेरियाच्या भागात चोवीस तासांहून जास्त काळ गेला तरच तो प्रवास धरतात.

दुसरी पायरी : आपल्याला नेमकं कोणत्या कारणाने अडवलं जाईल ते ओळखा

"परदेशात राहिलात" ही एकच अट नाही. तिच्यामागे वेगवेगळे आजार आहेत आणि प्रत्येकाचा हिशेब निराळा आहे.

भारतातून गेलेल्यांना बहुतेक वेळा अडवतो तो मलेरिया. त्याचे परजीवी तांबड्या पेशींत राहतात, पिशवीतलं रक्त फ्रिजमध्ये ठेवलं तरी काही दिवस तग धरतात. ज्याला ते रक्त चढवायचं तो माणूस आधीच आजारी, कदाचित नुकतीच शस्त्रक्रिया झालेला. ज्या देशात मलेरिया नाही, तिथल्या डॉक्टरला अशा रुग्णाला ताप आला तर मलेरियाची शंका यायलाही वेळ लागतो. अमेरिकेच्या आरोग्य यंत्रणेच्या लेखी हिमाचल प्रदेश, जम्मू-काश्मीर आणि सिक्कीममधले दोन हजार मीटरहून उंच भाग सोडले, तर सगळा भारत मलेरियाच्या नकाशावर आहे. गडचिरोलीचं जंगल तर आलंच, पण मुंबई आणि दिल्लीही आली. "आमच्या सोसायटीत डासच नाहीत" या उत्तराचा तिथे काही उपयोग होत नाही.

भारतात वाढलेल्यांना एक गोष्ट फार टोचते. अमेरिकेत जन्मलेला भाचा दोन आठवडे पुण्याला राहून आला तर त्याला तीन महिने थांबायला सांगतात, आणि पुण्याहून नुकत्याच आलेल्या मामाला तीन वर्षं. यात भेदभाव नाही. मलेरियाच्या मुलखात वर्षानुवर्षं राहिलेल्या माणसाच्या अंगात थोडीफार प्रतिकारशक्ती तयार होते. परजीवी रक्तात असूनही त्याला ताप येत नाही, म्हणजे तो आजारी आहे हे त्याला स्वतःलाही कळत नाही. भाच्याला लागण झाली तर तो काही आठवड्यांत तापाने फणफणेल. मामाचं तसं नाही, म्हणून त्याची मुदत लांब.

दुसरं कारण म्हणजे मॅड काऊ. त्याबद्दल पुढे वेगळं लिहिलं आहे, कारण तिथेच सगळ्यात मोठा बदल झाला आहे.

तिसरं, डासांमुळे पसरणारे विषाणू : वेस्ट नाईल, झिका, डेंगी. यांची मुदत सहसा काही आठवड्यांची असते. लंडनला राहणारा माणूस उन्हाळ्यात अमेरिकेला जाऊन आला, तर त्याला ब्रिटनमध्ये वेस्ट नाईलसाठी चार आठवडे थांबवतात किंवा त्याच्या रक्ताची वेगळी चाचणी करतात. दक्षिण अमेरिकेत राहिलेल्यांच्या बाबतीत चागास या आजाराचा प्रश्न येतो. तो आपल्यापैकी थोड्यांनाच लागू पडेल.

तिसरी पायरी : सध्या जिथे राहता तिथला नियम लावा

नियम दात्याच्या जन्मदेशाचा लागत नाही, रक्त जिथे देणार तिथला लागतो. एकच माणूस एका देशात पात्र आणि दुसऱ्या देशात अपात्र ठरू शकतो.

*अमेरिका.* मलेरियाच्या देशात सलग पाच वर्षं किंवा जास्त राहिलेला माणूस तिथला रहिवासी मानला जातो. तो देश सोडल्यापासून त्याने तीन वर्षं थांबायचं. त्याहून कमी काळ गेलेला तो प्रवासी, त्याला परतल्यापासून तीन महिने. एप्रिल २०२० पूर्वी प्रवाशांसाठी हीच मुदत एक वर्षाची होती, म्हणून जुन्या लोकांच्या तोंडी अजून वर्षाचाच हिशेब असतो. मलेरिया झाला असेल तर उपचार पूर्ण झाल्यावर तीन वर्षं. प्रवासात मलेरिया टाळायच्या गोळ्या घेतल्या होत्या म्हणून मुदत कमी होत नाही.

यातली मेख नव्याने गेलेल्यांना हमखास नडते. ऑगस्ट २०२२ मध्ये नाशिकहून शिकायला गेलेली मुलगी धरा. तिची तीन वर्षं ऑगस्ट २०२५ मध्ये संपायला हवीत. पण ती डिसेंबर २०२३ मध्ये घरी आली आणि जानेवारी २०२४ मध्ये परत गेली. पहिली तीन वर्षं सलग पूर्ण व्हायच्या आत ती मलेरियाच्या देशात जाऊन आली, म्हणून मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते आणि तिला जानेवारी २०२७ पर्यंत थांबावं लागतं. सलग तीन वर्षं एकदा पूर्ण झाली, की पुढच्या प्रत्येक भारतभेटीनंतर तिलाही तीनच महिने लागतील. म्हणून दरवर्षी घरी येणाऱ्या विद्यार्थ्यांची ही मुदत लांबतच जाते. घरी येऊ नका असं कोणी म्हणणार नाही. पण "इतकी वर्षं झाली, तरी मला का नाही म्हणतात?" याचं उत्तर इथे आहे.

हे चित्र बदलायला लागलं आहे. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने २०२४ मध्ये रक्तदात्यांच्या मलेरिया तपासणीसाठी एका जनुकीय चाचणीला मंजुरी दिली आणि जानेवारी २०२५ मध्ये निव्वळ मुदतीऐवजी चाचणीवर भर देणाऱ्या नियमांचा मसुदा काढला. तेव्हा वरचे आकडे लक्षात असू द्या, पण रक्त द्यायला जाण्यापूर्वी "तुमच्याकडे मलेरियाची चाचणी सुरू झाली आहे का?" हे जरूर विचारा.

*ब्रिटन.* इथे निव्वळ मुदतीपेक्षा चाचणीवर जास्त भिस्त आहे, आणि मला ही पद्धत अधिक न्याय्य वाटते. मलेरियाच्या भागातून आल्यावर चार महिने थांबायचं, नंतर मलेरियाच्या प्रतिपिंडांची, म्हणजे लागणीविरुद्ध शरीराने तयार केलेल्या प्रथिनांची, चाचणी. आयुष्यात कधीही सलग सहा महिने किंवा जास्त काळ अशा भागात राहिला असाल, तर कितीही वर्षं उलटली तरी ती चाचणी करावीच लागते. म्हणजे भारतात वाढलेल्या प्रत्येकाला. नोंदणी करतानाच "मी भारतात वाढलो आहे" असं सांगितलं तर चाचणीची सोय ज्या केंद्रात आहे तिथली वेळ मिळते. ऐन वेळी सांगितलं तर हेलपाटा पडतो.

*ऑस्ट्रेलिया.* चार महिने आणि नंतर चाचणी, हा क्रम इथेही आहे. मात्र थांबण्याच्या काळात प्लाझ्मा, म्हणजे पेशी वगळून उरणारा रक्तातला पातळ भाग, देता येतो. मलेरियाचे परजीवी तांबड्या पेशींत असतात, आणि औषधं बनवायला जाणाऱ्या प्लाझ्मावर पुढे बरीच प्रक्रिया होते, म्हणून ही वाट खुली ठेवली आहे. मेलबर्न-सिडनीतले कितीतरी मराठी लोक भारतातून आल्यावर "आता चार महिने सुट्टी" असं समजून बसतात. त्यांनी प्लाझ्माबद्दल विचारावं.

इतर देशांत, आखातात विशेषतः, स्थानिक केंद्राला विचारल्याशिवाय कोणाच्या सांगण्यावर जाऊ नका.

चौथी पायरी : ब्रिटनमुळे बंदी होती का? मग पुन्हा विचारा

गायींमधला मॅड काऊ हा रोग ब्रिटनमध्ये १९८६ साली ओळखला गेला. त्या गायींच्या मांसातून माणसांना मेंदूचा एक जीवघेणा आजार होत असावा, हे तिथल्या सरकारने मार्च १९९६ मध्ये जाहीर केलं. त्याचं नाव व्हेरियंट सीजेडी. तो जंतूमुळे नव्हे, तर प्रायॉन नावाच्या बिघडलेल्या प्रथिनामुळे होतो. दात्यांचं रक्त तपासून त्याचा पत्ता लावेल अशी नेहमीच्या वापरातली चाचणी नव्हती आणि लागण झाल्यापासून आजार दिसेपर्यंत वर्षानुवर्षं जाऊ शकत होती. २००३ च्या अखेरीपासून पुढच्या काही वर्षांत ब्रिटनमध्ये रक्तातून लागण झाल्याची चार प्रकरणं समोर आली. चाचणी नाही म्हटल्यावर रक्तपेढ्यांच्या हाती एकच उपाय उरला : त्या काळात तिथे राहिलेल्यांचं रक्त न घेणं.

अमेरिकेने १९८० ते १९९६ या काळात ब्रिटनमध्ये एकूण तीन महिने काढलेल्यांना वगळलं, ऑस्ट्रेलियाने सहा महिने काढलेल्यांना. या बंदीत मराठी माणसं भरपूर सापडली. मुंबई-पुण्याची वैद्यकीय महाविद्यालयं सोडून त्या वर्षांत एफआरसीएस, एमआरसीपी या वरच्या वैद्यकीय पदव्यांसाठी इंग्लंडला गेलेले आणि पुढे अमेरिकेत किंवा ऑस्ट्रेलियात स्थिरावलेले डॉक्टर, त्यांच्या बायका, तिथे जन्मलेली मुलं. रोज दुसऱ्यांना रक्त चढवायला सांगणाऱ्या डॉक्टरचं स्वतःचं रक्त मात्र वीस वर्षं घेतलं जात नव्हतं.

ज्या लाटेची भीती होती ती आली नाही. ब्रिटनमध्ये एकूण १७८ रुग्ण नोंदले गेले, त्यांतला शेवटचा २०१६ मध्ये दगावला. १९९९ पासून तिथे रक्तातल्या पांढऱ्या पेशी गाळून काढायला सुरुवात झाली, त्यानेही धोका घटला. मग एकेका देशाने हिशेब पुन्हा मांडला. आयर्लंडने २०१९ मध्ये, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियाने २०२२ मध्ये, कॅनडाने डिसेंबर २०२३ मध्ये आणि न्यूझीलंडने २०२४ मध्ये ब्रिटनमधल्या वास्तव्यावरून घातलेली बंदी उठवली.

पण नियम बदलला म्हणून तुमची जुनी नोंद आपोआप पुसली जाते, असं समजू नका. पूर्वी नाव नोंदवून नकार मिळाला असेल, तर संगणकात तुमच्या नावापुढे "कायमचं अपात्र" असा शेरा अजून असू शकतो. शिबिरात थेट न जाता त्या संस्थेच्या दाता-सहाय्य विभागाला आधी फोन करा, पूर्वीचा नकार कशामुळे होता ते सांगा आणि नोंद पुन्हा तपासायला सांगा. आईवडिलांपैकी कोणाला असा नकार मिळाला असेल, तर त्यांच्यासाठी हा फोन तुम्ही लावून द्या. मात्र घराण्यात कोणाला सीजेडी (याच जातीचा, प्रायॉनमुळे होणारा मेंदूचा आजार) झाला असेल, पूर्वी मृतांच्या मेंदूतल्या ग्रंथीपासून काढलेलं वाढीचं संप्रेरक घेतलं असेल किंवा मेंदूच्या आवरणाचं रोपण झालं असेल, तर ते आवर्जून सांगा. त्या अटी वेगळ्या आहेत आणि ब्रिटनच्या बंदीबरोबर त्या उठलेल्या नाहीत. ब्रिटनमध्ये तर १९८० नंतर ज्यांना रक्त चढवलं गेलं त्यांचं रक्त अजूनही घेत नाहीत.

पाचवी पायरी : मुलाखतीत सगळं सांगा

कंपनीतल्या किंवा मंडळातल्या शिबिरात सहकाऱ्यांसमोर रांगेत उभं राहिल्यावर "मला नाही घेतलं" म्हणत बाहेर येणं अनेकांना अवघड वाटतं. तेवढ्यासाठी लोक प्रवासाची माहिती दडवतात. कृपा करून असं करू नका. "सगळ्या चाचण्या होतातच की" हा भरवसा इथे खोटा ठरतो, कारण ज्या आजाराची चाचणी त्या देशात होत नाही त्यासाठीच तर प्रवास विचारतात. मुलाखत बंद दाराआड होते, नकाराचं कारण तुमच्या परवानगीशिवाय कोणाला सांगत नाहीत. चारचौघांत लाज वाटण्याची भीती असेल तर आदल्या दिवशी फोनवर पात्रता विचारून घ्या. अपात्र असाल तर नोंदणीच्या टेबलावर मदतीला बसा, शिबिराला तीही माणसं लागतात.

रक्त दिल्यानंतर पुढच्या दोन आठवड्यांत ताप आला, किंवा सांगायचा राहिलेला एखादा प्रवास आठवला, तर लगेच केंद्राला कळवा. पिशवी वापरली गेली नसेल तर ती बाजूला काढता येते.

नकार मिळाला तर तिथून उठण्यापूर्वी तीन गोष्टी विचारून लिहून घ्या : कारण काय, मुदत कोणत्या तारखेला संपते, आणि मधल्या काळात प्लाझ्मा किंवा चाचणीचा पर्याय आहे का.

सहावी पायरी : भारतात परत आलेल्यांसाठी

इथे मलेरियाचा प्रश्न उलटा होतो. भारतात प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस आणि मलेरिया या पाचांसाठी तपासणी सक्तीची आहे. मलेरिया होऊन गेला असेल तर पूर्ण बरं झाल्यावर तीन महिने थांबायचं. डेंगी किंवा चिकुनगुन्या होऊन गेला असेल तर सहा महिने.

परदेशवास्तव्याबद्दल राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषदेच्या २०१७ च्या निकषांत एक व्यापक अट आहे. रक्तातून पसरणारा जो आजार एखाद्या भागात कायम असतो आणि ज्याची तपासणी भारतात सक्तीची नाही, तशा भागात राहून किंवा जाऊन आलेल्या माणसाचं रक्त घेऊ नये, असा तिचा आशय. सोबत देशांची लांबलचक यादी नाही, म्हणून तुमच्यासमोर बसलेल्या वैद्यकीय अधिकाऱ्याचा निर्णय इथे महत्त्वाचा ठरतो. "बाहेरून आलोय" एवढंच मोघम सांगितलं तर तो सावधगिरी म्हणून नकार देईल, आणि त्यात त्याचं चुकलं असं म्हणता येणार नाही. देश, शहर, तारखा आणि परतल्यापासून ताप आला होता की नाही, हे नेमकं सांगितलं तर त्याला ठरवता येतं.

काही मुदती ठरलेल्या आहेत. वेस्ट नाईलच्या भागातून किंवा झिकाची साथ असलेल्या ठिकाणाहून आल्यावर चार महिने. आफ्रिकेला जाताना पिवळ्या तापाची लस घ्यावी लागते, ती जिवंत विषाणूंची असल्याने घेतल्यापासून २८ दिवस. परदेशात हौसेने गोंदवून घेतलं असेल तर एक वर्ष.

वयाचं गणितही देशाप्रमाणे बदलतं. भारतात ६५ पर्यंत रक्त देता येतं, पण पहिल्यांदाच देत असाल तर साठीच्या आत. अमेरिकेत वरची वयोमर्यादा सरसकट नाही. निवृत्तीनंतर भारतात यायचा बेत असलेल्यांनी हे ध्यानात ठेवावं.

बाकी अटी नेहमीच्याच : हिमोग्लोबिन किमान १२.५, वजन किमान ४५ किलो, पुरुषांना तीन आणि स्त्रियांना चार महिन्यांचं अंतर. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत महाविद्यालयं बंद असल्याने शिबिरं कमी होतात आणि रक्ताची चणचण भासते. उन्हाळ्यात सुट्टीवर आलेल्या पात्र माणसाचं रक्त तेव्हा खरोखर उपयोगी पडतं. जवळचं केंद्र ई-रक्तकोष या सरकारी संकेतस्थळावर सापडेल.

दुर्मिळ गट असेल तर

बॉम्बे ब्लड ग्रुपचा शोध १९५२ मध्ये डॉ. य. म. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत लावला. भारतात तो साधारण दहा हजारांत एकाचा असतो, युरोपात दहा लाखांत एकाचा. या गटाच्या माणसाला फक्त याच गटाचं रक्त चालतं. नेहमीच्या तपासणीत तो ओ सारखा दिसतो, म्हणून घरात कोणाचा हा गट निघाला असेल तर भावंडांनीही तपासून घ्यावं. परदेशात राहणाऱ्या अशा माणसाने प्रवासामुळे अपात्र असतानाही तिथल्या दुर्मिळ दात्यांच्या नोंदवहीत नाव घालावं. मुदत संपल्यावर दिलेल्या त्याच्या तांबड्या पेशी गोठवून वर्षानुवर्षं जपता येतात.

वर्षाचं वेळापत्रक असं लावा

दरवर्षी भारतात येणाऱ्यांना यातून वाट काढता येते. निघण्यापूर्वी रक्त द्या, आल्यावर नाही. अमेरिकेत दोन रक्तदानांमध्ये ५६ दिवसांचं अंतर लागतं. सलग तीन वर्षांची अट पूर्ण केलेला माणूस डिसेंबरात भारतात येऊन जानेवारीच्या मध्याला परतला, तर त्याचे तीन महिने एप्रिलच्या मध्याला संपतात. तिथून नोव्हेंबरपर्यंत तो सहज तीनदा रक्त देऊ शकतो आणि शेवटचं दान विमानात बसण्याच्या आठवडा-पंधरा दिवस आधी उरकू शकतो. ब्रिटनमध्ये पुरुषांना बारा आणि स्त्रियांना सोळा आठवड्यांचं अंतर आहे, तिथे परतल्यावर चार महिने धरून वर्षातून दोनदा तरी जमतंच.

ज्यांची तीन वर्षं अजून पुरी व्हायची आहेत, त्यांनी मूलपेशी (रक्तपेशी ज्यांच्यापासून तयार होतात त्या पेशी) दात्यांच्या नोंदवहीत नाव घालावं. गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवून नमुना देतात, आणि नाव घालताना भारतभेट आड येत नाही. रक्ताच्या कर्करोगात मूलपेशी जुळणारा दाता सहसा रुग्णाच्याच वंशाचा सापडतो, आणि आपल्या लोकांची नावं त्या नोंदवह्यांत फार कमी आहेत. वयाची अट देशागणिक वेगळी आहे, पण विशी-तिशीतल्या कोणालाही ती सहसा अडत नाही.